एकाच द्राक्षाच्या नाना चवी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाइनच्या द्राक्षाला दर चांगला मिळतो, असे ऐकून आमच्याकडे परभणीत शेतकरी चौकशीला येतात. त्यात एक नाव हमखास असते, शार्दोने. पांढऱ्या वाइनसाठी जगभर नावाजलेले हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या बरगंडीचे. पिनो आणि ग्वे ब्लां यांच्या संकरातून ते जन्मले, हे १९९९ साली डीएनए तपासणीतून कळले. गंमत म्हणजे, यातल्या ग्वे ब्लांला तिकडे कुणी फारशी किंमत देत नसे!

मस्कत द्राक्ष नुसत्या वासावरून ओळखता येते. शार्दोनेचे तसे नाही. त्याचा स्वतःचा स्वाद अबोल. माती, हवा आणि करणाऱ्याचा हात जसा, तशी त्याची चव. आपल्या ‘परभणी मोती’ ज्वारीचेच घ्या ना. बियाणे एक, पण काळ्या रानातली आणि मुरमाड रानातली भाकरी सारखी लागते का?

बरगंडीच्या उत्तरेला शाब्ली आहे. हवा थंड, जमीन चुनखडीची, तीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री शिंपल्यांचे अवशेष. द्राक्ष सावकाश पिकते, आंबटपणा टिकतो. बरीचशी वाइन स्टीलच्या टाकीतच होते, म्हणून चव लिंबासारखी लख्ख. मला स्वतःला हीच आवडते. दक्षिणेला मर्सो गावात मात्र रस ओक लाकडाच्या २२८ लिटरच्या पिंपांत आंबवतात. मग जिवाणू त्यातल्या मॅलिक आम्लाचे, म्हणजे कच्च्या सफरचंदातल्या आम्लाचे, दह्यातल्या लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. त्या ओघात डायअ‍ॅसिटिल तयार होते आणि वाइनला चक्क लोण्याचा वास येतो. ताक घुसळणाऱ्या घराला तो वेगळा सांगायला नको.

कॅलिफोर्नियात ऊन भरपूर. साखर वाढते, अल्कोहोल वाढते, स्वाद अननसाकडे झुकतो. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावे झाकून चव घेतली, तेव्हा बरगंडीच्या नामवंत वाइन मागे पडल्या आणि शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्दोने पहिली आली.

आपल्याकडे अकलूजच्या फ्राटेलीने शार्दोने केली आहे. पण इथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. उन्हात साखर झपाट्याने चढते, आम्ल उतरते. तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकावी लागते. दोन-चार दिवस उशीर झाला, तरी वाइन मिळमिळीत होते.

उंची बाटलीची किंमत अशी ठरते : वेलीवर कमी माल, महागडी पिंपे, मुरवण्याचा काळ, आणि नावाचा दबदबा. शेवटच्या गोष्टीचे पैसे शेतकऱ्याला मिळत नाहीत, हे लक्षात घ्या. शिवाय या द्राक्षाचे मणी लहान आणि बियांचे. कारखान्याने नाही म्हटले, तर ते ना बाजारात खपते, ना त्याचा चांगला बेदाणा होतो. राज्याने २००१ मध्ये वाइन धोरण आणले, लागवडी वाढल्या. २००८ नंतरच्या मंदीत उठाव थांबला आणि अनेकांनी वेली उपटल्या.

म्हणून विचारणाऱ्याला मी आधी दराचे नव्हे, कराराचे विचारतो. किती वर्षांचा? साखर किती ब्रिक्सला माल घेणार? परभणीहून नाशिक रात्रभराची वाट; तोडलेला माल थंड ठेवून नेण्याचा खर्च कुणाचा? हे कागदावर आल्याशिवाय रोपे आणू नका.