मिक्सर कुठे लावायचा, आईला विचारलंत?

ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलच्या ट्रॉल्या, वर चकाचक चिमणी... आणि मिक्सर? तो हॉलमध्ये, टीव्हीशेजारी! हसू नका. आमच्या कुंभिवलीच्या घरात अगदी हेच चाललं होतं. किचन नवं करताना टाइल्सचा रंग ठरवायला आम्ही आठ दिवस घेतले, स्विचबोर्ड मात्र पाच मिनिटांत उरकले. बाबांनी बोट दाखवलं, वायरमनकाकांनी भिंतीवर खडूने चौकोन काढला, झालं! जिला तिथे रोज उभं राहायचंय, त्या आईला कुणी विचारलंच नाही.

परिणाम? एक बोर्ड शेगडीच्या मागे, दुसरा सिंकला खेटून. मग आला एक्स्टेन्शन बोर्ड. एका सकाळी ओल्या हाताने प्लग काढताना आईला शॉक बसला. थोडक्यात निभावलं. पण बाबांचा फोन आला तेव्हा पुण्यात माझे हातपाय गार पडले होते.

गंमत म्हणजे, वीज आमच्या पट्ट्याला काही नवी नाही. खोपोलीतून टाटांची वीज १९१५ साली मुंबईला पोहोचली, भिवपुरीचं केंद्र १९२२ मध्ये सुरू झालं. घाटातल्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि आम्हाला मिक्सरचा पॉइंट धड काढता येईना!

दुसऱ्या खेपेला आई बॉस. तिने मिक्सर, केटल, पोळपाट सगळं ओट्यावर मांडलं, खोटाखोटा स्वयंपाक केला आणि मगच खुणा केल्या. तुम्हीही हाच फंडा वापरा.

आधी यादी, मग झिरी : आज असलेल्या आणि पुढे घ्यायच्या सगळ्या वस्तू लिहा. एक-दोन पॉइंट जास्तीचे ठेवा.

जागा : बोर्ड ओट्याच्या वर ९ ते १२ इंचांवर, सिंक आणि शेगडीपासून किमान दोन फूट लांब. चिमणीचा सॉकेट वर, फ्रिजचा मागे चालेल. स्विच मात्र हाताशी हवा.

गणित : २३० व्होल्टवर ६ अँपिअरचा सॉकेट झेपवतो जेमतेम १३८० वॅट. साडेसातशे वॅटचा मिक्सर मजेत चालेल. पण १५०० वॅटची केटल किंवा २००० वॅटची इंडक्शन शेगडी? तिथे १६ अँपिअरच हवा, तोही स्वतंत्र वायरवर.

सेफ्टी : पक्कं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तिथे कंजुषी नको. करंट गळायला लागला की हा पठ्ठ्या क्षणात लाइन तोडतो. एमसीबी असला तरी हे काम त्याचं नाही.

फोटो : झिऱ्या बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. उद्या खिळा ठोकताना वायर सापडायला नको!

आता वाटण किचनमध्येच होतं आणि बाबांना टीव्ही नीट ऐकू येतो. आईने मात्र एक जास्तीचा पॉइंट बाबांच्या खुर्चीजवळ काढून घेतलाय. केटलसाठी. चहा आता त्यांचा त्यांनी करायचा!