साबणाच्या वडीतली नक्षी

दिवाळीच्या कार्यक्रमात घरी केलेल्या साबणाच्या वड्या कुणाच्या हातात ठेवल्या की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "ही रंगीत नक्षी वरून काढली का?" आणि दुसरा, "यात केमिकल नाही ना?" पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. नक्षी वडीच्या आरपार असते आणि वडी झिजेपर्यंत ती दिसत राहते. दुसऱ्याचं उत्तर ऐकून मात्र विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. केमिकल असतं, आणि चांगलं जहाल असतं. गंमत अशी की ही दोन उत्तरं एकमेकांना बांधलेली आहेत. ज्या क्षारामुळे तेलाचा साबण होतो, तोच क्षार कुठला रंग टिकणार, कुठला पालटणार आणि नक्षी काढायला हाताला किती मिनिटं मिळणार हे ठरवतो. गेली काही वर्षं बेलव्ह्यूच्या आमच्या गराजमध्ये मी हा उद्योग करते. मंडळातल्या बऱ्याच जणांनी कृती विचारली, म्हणून ती कारणांसह इथे देत आहे.

आधी थोडं रसायनशास्त्र. शाळेत शिकलेलंच आहे. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) एकत्र आले की त्यांचा साबण होतो आणि बरोबर ग्लिसरीन सुटं होतं. यामागचं कोडं मिशेल शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने उलगडलं आणि १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलं. सोड्याशिवाय साबण होतच नाही. कारखान्यातला नाही, खादी भांडारातला नाही आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' अशी चिठ्ठी लावलेलाही नाही. मात्र माप बरोबर असेल तर तयार वडीत मोकळा सोडा उरत नाही, तो सगळा साबणात रूपांतरित झालेला असतो. मोठ्या कारखान्यांत साबण उष्णता देऊन करतात आणि ग्लिसरीन बहुधा वेगळं काढून घेतात. आपल्या थंड पद्धतीत बाहेरून आच द्यावी लागत नाही, मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने साबण होतं आणि ग्लिसरीन वडीतच राहतं.

आता माप. आपल्या स्वयंपाकातलं 'अंदाजाने घाल गं' इथे अजिबात चालत नाही. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला ०.१३५ आणि एरंडेलाला ०.१२८. खोबरेलाचे रेणू आखूड, म्हणून एका ग्रॅममध्ये त्यांची संख्या जास्त आणि सोड्याची भूकही जास्त. समजा, ६०० ग्रॅम ऑलिव्ह, ३०० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम एरंडेल घेतलं. हिशेबाने सोडा आला ८१ अधिक ५४.९ अधिक १२.८, म्हणजे १४८.७ ग्रॅम. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहतं. त्वचेच्या दृष्टीने ती आपली सुरक्षिततेची कड. राहिला १४१ ग्रॅम सोडा. पाणी त्याच्या दुप्पट, २८२ ग्रॅम. वाटी-चमच्याने नव्हे, तर एकेक ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्याने मोजायचं, पाणीसुद्धा. खोबरेलाने वडी कडक होते आणि भरपूर फेस येतो, ऑलिव्हने ती सौम्य होते, एरंडेलाने फेस टिकतो. एखादं तेल बदललं तर सोड्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायचा.

इथे धोक्याची सूचना, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. कॉस्टिक सोडा कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मुलं आणि पाळीव प्राणी घरात फिरत असताना हा कार्यक्रम करायचा नाही. डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद असलेला चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि खिडकी उघडी. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही; ते उसळून अंगावर येतं. सोडा विरघळताना पाणी आपोआप नव्वद अंश सेल्सियसच्या आसपास तापतं, म्हणून आधीच गार पाणी घ्यावं. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सोड्याला लावलं तर ते खाल्लं जातं आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. काचही कालांतराने कमकुवत होऊन तडकते. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धरायचं. बरेच जण व्हिनेगर लावायला सांगतात, ते ऐकू नका. पाणी आणि पुन्हा पाणी. डोळ्यात गेलं तर धुणं चालू ठेवून ९११ ला फोन करायचा. सोड्याचा डबा कुलपात ठेवायचा आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहायचं, कारण तो दिसायला अगदी साखरेसारखा असतो.

सोड्याचं पाणी आणि तेलं दोन्ही पस्तीस ते चाळीस अंशांवर आली की एकत्र करायची. खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं, तेव्हा इथल्या थंडीत ते आधी वितळवून घ्यावं लागतं. हँड ब्लेंडर थोडा थोडा वेळ, मध्ये थांबत फिरवायचा. मिश्रण दाट होऊ लागतं आणि पळीतून सांडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ ठेवते. या अवस्थेला इथले लोक 'ट्रेस' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी कढी, मग घावनाचं पीठ आणि शेवटी श्रीखंड. नक्षीसाठी कढी आणि घावन यांच्या मधली वेळ पकडायची. कढीइतक्या पातळात रंग एकमेकांत मिसळून जातात, श्रीखंडात ते वळतच नाहीत. ऑलिव्हचं प्रमाण जास्त ठेवण्याचं खरं कारण हेच आहे: ते सावकाश दाटतं आणि हाताला वेळ मिळतो.

नक्षीचे मला दोन प्रकार दिसतात. एक अळूवडीचा आणि दुसरा रांगोळीचा. अळूवडीचा उंडा बाहेरून हिरवा दिसतो आणि कापल्यावर आत चक्र निघतं. पावाच्या आकाराच्या खोल साच्यातला साबण असाच असतो. वरून काय दिसतं याला महत्त्व नाही, आडवा काप कसा दिसेल हे मनात धरून ओतायचं. मिश्रणाचे तीन भाग करून रंग द्यायचे. उंचावरून धार सोडली तर रंग तळापर्यंत भेदत जातो, जवळून सोडली तर वरच राहतो. चार वेळा उंची बदलली की कापात थेंबांची आणि पिसांची नक्षी उमटते. प्लास्टिकचं वेष्टन असलेली तार साच्याच्या लांबीइतकी वाकवून खाली घालायची आणि गोल फिरवत वर काढायची, की कापात लाटा दिसतात.

रांगोळीचा प्रकार ताटासारख्या उथळ साच्यात होतो. एका रंगाच्या थरावर बारीक तोंडाच्या बाटलीने दुसऱ्या रंगांच्या समांतर रेघा ओढायच्या आणि त्यांच्यातून काडी किंवा फणी आडवी-उभी फिरवायची. मोरपिसासारखी जी आकृती तयार होते ती कागदावरच्या जुन्या अब्री कलेतून आली आहे. दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगत ठेवून, फणीने विंचरून ते कागदावर उतरवून घेण्याची ही कला आपल्या दख्खनला परकी नाही. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अब्री कागदातून चित्रं घडवली. त्यातले हाडं निघालेले कृश घोडे आज जगभरच्या कलाभ्यासकांना माहीत आहेत. फरक एवढाच की अब्रीत रंग कागदावर आला की काम संपतं. साबणात मात्र रंग साच्यात गेल्यावरच खरी परीक्षा सुरू होते.

कारण क्षार. पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलं आहे. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं. पारंपरिक कुंकूही हळदीवर क्षाराची प्रक्रिया करूनच होतं. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा भांड्यात डोकावून म्हणाल्या, "अगं, हळद घातलीस की कुंकू?" मी म्हटलं, "आई, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघा." क्षार जसजसा साबणात संपत जातो तसतसा विटकरी रंग उतरून केशरी-पिवळा होतो. तो उन्हात फिका पडतो, म्हणून वड्या सावलीत ठेवायच्या.

बीट आणि जास्वंद यांचे सुंदर रंग मात्र मातकट तपकिरी होतात, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये. रोगनजोशला लाल रंग देणारी रतनजोत तेलात लाल आणि साबणात जांभळी-निळसर दिसते. मंजिष्ठेने गुलाबी छटा येते. सगळ्यांत भरवशाचे म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आपल्या गेरूचंच कुळ. पण अंगणात सारवायचा गेरू नव्हे. नैसर्गिक मातीत शिसं किंवा आर्सेनिक असू शकतं, म्हणून सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध स्वरूपात बनवलेलेच ऑक्साइड घ्यावेत. रांगोळीचे रंग, होळीचे रंग आणि देवघरातला शेंदूर यांपैकी काहीही साबणात घालू नका. शेंदूर हे बहुधा शिशाचंच संयुग असतं आणि काही सिंदुरांत शिसं सापडल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा इशाराही दिलेला आहे.

वासाचंही तसंच. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलमुळे मिश्रण बघता बघता दगड होतं आणि नक्षी राहते बाजूला. व्हॅनिलाने वडी तपकिरी पडते. लिंबू-संत्र्याचा वास काही आठवड्यांत उडतो. वाळ्याचं तेल मात्र दीर्घकाळ दरवळतं आणि त्याने 'घरचा' वासही येतो. सुगंधी तेल एकूण तेलाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावं; लवंग-दालचिनी त्वचेला झोंबतात, त्यांचं प्रमाण आणखी पुष्कळ कमी हवं. साबणात उटणं घालण्याची हौसही अनेकांना असते. तपकिरी ठिपके छान दिसतात, पण वनस्पतींचे नाजूक गुण सोड्यापुढे टिकतील अशी अपेक्षा ठेवू नये. उटणं वाटीत कालवून अंगाला लावावं, साबण नंतर.

दुसऱ्या दिवशी साबण साच्यातून काढून वड्या पाडायच्या. वर पांढरी पूड दिसली तर घाबरू नका. पृष्ठभागावरच्या सोड्याचा हवेशी संयोग होऊन झालेला तो कार्बोनेट असतो. तो निरुपद्रवी आहे आणि ओल्या फडक्याने पुसता येतो. कापात पाण्याचे किंवा स्फटिकांचे कप्पे दिसले मात्र, तर तो घाणा टाकून द्यायचा. वड्या मग जाळीवर सुट्या मांडून चार ते सहा आठवडे सुकवायच्या. सोडा संपायला इतका वेळ लागतो असा समज आहे, पण ते काम पहिल्या दोन दिवसांत जवळजवळ पुरं होतं. पुढचे आठवडे पाणी उडून वडी कडक आणि सौम्य होण्यासाठी असतात. आपल्या पंचांगात याची सोय आहेच. अनंत चतुर्दशीला साबण ओतला तर नरक चतुर्दशीपर्यंत बरोबर दीड महिना मिळतो. बेलव्ह्यूत उन्हाळा कोरडा आणि ऑक्टोबरपासून पाऊस, तेव्हा शेवटचे दिवस वड्यांवर पंखा सोडावा.

इथल्या पाण्याचंही श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं. बेलव्ह्यूच्या नळाला कॅस्केड पर्वतातल्या सीडर आणि टोल्ट नद्यांचं पाणी येतं आणि ते फार मृदू असतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडं, म्हणून कुठलाही घरगुती साबण इथे फेसाने भरून येतो. तीच वडी मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात निम्माही फेस देणार नाही. नातेवाइकांकडे नेताना हे सांगून ठेवावं.

शेवटची गोष्ट देण्याघेण्याची. साबण दुसऱ्याच्या, कदाचित तान्ह्या मुलाच्या अंगाला लागणार असतो. साबण मुळात क्षारधर्मी असतो, घरचा असला तरी. त्याने इसब बरं होतं वगैरे सांगू नये. विकणाऱ्यांनी तर मुळीच नाही. अमेरिकेच्या कायद्यात नुसता 'साबण' म्हणून विकलेला खरा साबण प्रसाधनांच्या नियमांत येत नाही, पण 'त्वचा मऊ करतो' म्हटलं की तो प्रसाधन ठरतो आणि 'इसब बरं करतो' म्हटलं की औषध. भेट द्यायची असेल तरी प्रत्येक वडीच्या कागदावर तेलांची आणि वासाची नावं आणि ओतल्याची तारीख लिहा. ज्याला नारळाची किंवा एखाद्या वासाची अ‍ॅलर्जी आहे, त्याला नक्षीपेक्षा ती ओळ अधिक उपयोगी पडेल.