पन्नास सीसीचं माकड, सव्वाशेचं इंजिन

१९६१ साली होंडा कंपनीने टोकियोच्या पश्चिमेला ‘तामा टेक’ नावाचं करमणूक उद्यान उघडलं. तिथं मुलांना चालवायला पाच इंची चाकांची एक चिमुकली मोटारसायकल ठेवली होती. इंजिन मात्र खेळण्यातलं नव्हतं. कंपनीच्या ‘सुपर कब’ या अफाट खपाच्या दुचाकीचं ४९ सीसीचं इंजिनच तिला लावलेलं होतं. मोठा माणूस तिच्यावर बसला की गुडघे कोपरांना टेकायचे आणि एकूण ध्यान माकडासारखं दिसायचं, म्हणून नाव पडलं ‘मंकी’. १९६७ मध्ये ती जपानच्या रस्त्यावर विक्रीला आली, तेव्हा तिचं हँडल दुमडून ती चारचाकीच्या डिकीत टाकता येत असे. पुढे चाकं आठ इंचांची झाली, पण गाडी चिमुकलीच राहिली.

हीच गाडी लहान मोटारसायकलला मोठं इंजिन बसवणाऱ्या हौशी मंडळींची पंढरी ठरली.

कारण अगदी साधं आहे. मंकीचं इंजिन चौकटीला मागच्या बाजूने दोन बोल्टवर टांगलेलं असतं. सिलिंडर जवळजवळ आडवा, जमिनीला समांतर. होंडाने ‘कब’च्या घराण्यातली ५०, ७०, ९० सीसीची इंजिनं काढली तेव्हा हा आडवा घाट आणि या दोन बोल्टमधलं अंतर बहुतेक वेळा तसंच ठेवलं. पुढे चीनमधल्या चोंगछिंग शहरातल्या ‘लिफान’सारख्या कंपन्यांनी याच घाटाची सव्वाशे सीसीपर्यंतची इंजिनं बनवून जगभर विकली. त्यामुळे दोन बोल्ट सोडायचे, जुनं इंजिन उतरवायचं, नवं चढवायचं, एवढं काम रविवारच्या एका दुपारीही उरकतं. खरी डोकेफोड त्यानंतर सुरू होते.

जपानमध्ये या हौसेला कायद्याचंही खतपाणी मिळालं. तिथं ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. मागे माणूस बसवता येत नाही, आणि मोठ्या चौकात उजवीकडे थेट वळायचीही मुभा नाही, दोन टप्प्यांत वळावं लागतं. इंजिन ५० च्या वर गेलं की ही तिन्ही बंधनं सुटतात. मालकाने नगरपालिकेत जाऊन बदल नोंदवायचा, पांढरी नंबरपाटी परत करायची आणि पिवळी घ्यायची. ९० सीसीच्या पुढे पाटी गुलाबी. अर्थात चारचाकीच्या परवान्यावर मग ही गाडी चालवता येत नाही, दुचाकीचा वेगळा परवाना काढावा लागतो. ‘ताकेगावा’, ‘किताको’ यांसारख्या कंपन्यांचा मोठा धंदा इंजिन वाढवण्याच्या सुट्या भागांवर उभा आहे.

अख्खं इंजिन न बदलता सीसी वाढवण्याची वाटही आहे. मूळ मंकीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४१.४ मिलिमीटर. धाव तशीच ठेवून बोअर ५२ केला, तर वाढ फक्त १३ मिलिमीटरची, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ४९ चे थेट ८८ सीसी होतात. हाच हिशेब आपल्याकडच्या यामाहाच्या शौकिनांनाही तोंडपाठ असतो. आरएक्स १०० आणि आरएक्स १३५ या दोघींची धाव ५० मिलिमीटरच. फरक बोअरचा, एकीचा ५० आणि दुसरीचा ५८. शंभरच्या गाडीला १३५ चा ब्लॉक चढवण्याचा उद्योग गॅरेजांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलाय तो त्यामुळेच.

आता अपेक्षाभंगाकडे वळू. पन्नासची मंकी सुमारे ३ अश्वशक्ती देते आणि सव्वाशेचं साधं इंजिन साधारण ९. ताकद तिप्पट झाली, मग वेगही तिप्पट व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणून तिप्पट ताकदीत वेग वाढतो तो तीनच्या घनमुळाइतका, म्हणजे १.४४ पट. ताशी ५५ ने धावणारी गाडी ८० च्या आसपास पोहोचते, तेही गिअरचं गणित नीट जुळवलं तर. उलट थांबण्याचा हिशेब बघा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथं दुप्पट. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जिरायची असते, आणि ब्रेक मात्र तामा टेकमधल्या पोरांच्या वेगाशी नातं सांगणारे, वाटीएवढे ड्रम! जाणकार मंडळी म्हणूनच आधी पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवतात आणि मग इंजिनाला हात घालतात. उलट क्रमाने जाणारेही पुष्कळ असतात, कारण पळवण्यात जी मजा आहे ती थांबवण्यात कुठली.

दुसरी अडचण तोलाची. मंकीच्या दोन चाकांमधलं अंतर ९० सेंटिमीटरच्याही आत. गाडीचं वजन पन्नास-साठ किलो, म्हणजे बसणारा बहुधा गाडीपेक्षा जड, आणि तो बसतो जवळजवळ मागच्या चाकावर. एकत्रित गुरुत्वमध्य उंच आणि मागे सरकलेला. अशा वेळी पहिल्या गिअरमध्ये मूठ जरा जास्त पिळली की पुढचं चाक जमीन सोडतं. उपाय म्हणून मागचं चाक धरणारा स्विंगआर्म काही सेंटिमीटर लांब घालतात. त्याने चाक खाली राहतं, पण वळताना गाडीचा मूळचा चपळपणा थोडा जातो.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती चेन. छोट्या मंकीला बहुधा ४२० मापाची चेन असते, तर मोठ्या इंजिनांबरोबर पुष्कळदा ४२८ ची येते. दोन्हींच्या पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, अगदी सारखं. त्यामुळे टेबलावर शेजारी ठेवल्या तर फरक चटकन कळत नाही. पण ४२० ची आतली रुंदी सव्वासहा मिलिमीटरच्या जरा वर आणि ४२८ ची आठच्या जरा खाली. रुंद चेन अरुंद स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चक्रावर, बसते, पण डुलत राहते. अरुंद चेन रुंद दातांवर बसतच नाही. शिवाय नव्या इंजिनाचं पुढचं स्प्रॉकेट दोन-तीन मिलिमीटर जरी बाहेर आलं, तरी चेन तिरकी धावते, एका अंगाने घासते आणि वेगात असताना उतरू शकते. म्हणून पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटला लोखंडी पट्टी टेकवून, डोळा बारीक करून रेषा पाहायची, मागे वॉशर घालायचा किंवा काढायचा आणि पुन्हा पट्टी लावायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथंच हौशी माणसाची परीक्षा होते.

जुन्या गाडीची वीज सहा व्होल्टची, नव्या इंजिनाचं मॅग्नेट बारा व्होल्टचं. म्हणजे बल्ब, बॅटरी, हॉर्न, फ्लॅशर सगळं बदला. मोठ्या इंजिनाची उष्णता वाढते आणि आतलं तेल लिटरभरही नसतं, तेव्हा ऑइल कूलर लावा. कार्बोरेटरचा जेट मोठा करा. इंजिनाची किंमत सोडून उरलेला खर्च मोजायला बसलं की बरेच जण हिशेबाची वही मिटवतात.

या घराण्याची एक शाखा महाराष्ट्राच्या दारोदार उभी आहे. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चं, आणि पुढे स्प्लेंडरचं, ९७.२ सीसीचं इंजिन ‘कब’च्याच वंशातलं. तोच आडवा सिलिंडर, बोअर ५० आणि धाव ४९.५ मिलिमीटर. पण आपल्याकडे पिवळी-गुलाबी पाटी मागायची सोय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळायलाच हवा, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. खराब झालेल्या इंजिनाजागी आरटीओच्या परवानगीने तसंच दुसरं बसवता येतं, मोठं नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कलम कडक आहे, पण ड्रम ब्रेकचा हिशेब पाहिला तर त्याला अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. अशी गाडी बंदिस्त ट्रॅकवर किंवा स्वतःच्या शेतात पळवावी, हे बरं.

जपानमध्ये मात्र आता खुद्द सरकारनेच उलटी इंजिनबदली घडवून आणली आहे. ५० सीसीच्या इंजिनाचा धूर पुरेसा तापत नाही, त्यामुळे त्यातलं प्रदूषण रोखणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कामाला लागायला वेळ घेतं, आणि नव्या नियमांत बसणारी छोटी गाडी बनवणं कंपन्यांना परवडेना. होंडाने मूळ ५० सीसीची मंकी २०१७ मध्येच बंद केली होती आणि पुढच्याच वर्षी सव्वाशेची मंकी आणली. १ एप्रिल २०२५ पासून १२५ सीसीपर्यंतच्या, पण ताकद मुद्दाम ४ किलोवॅटच्या आत दाबलेल्या दुचाकी पन्नासच्याच वर्गात मोजल्या जातात. इंजिन मोठं, परवाना चारचाकीचा चालतो, पाटी पांढरी आणि वेग ताशी ३० च.