मॅक्युलर होल आणि स्टेरॉइडचे थेंब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही कामे त्याच्या जोरावर होतात. वयानुसार डोळ्यातली जेली आकसताना मॅक्युलाला ओढ बसली, तर तिथे आरपार छिद्र पडू शकते; हेच मॅक्युलर होल. मग सरळ रेषा वाकडी दिसते, शब्दातली मधली अक्षरे गायब होतात. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा विकार जास्त आढळतो.

गैरसमज : प्रत्येक छिद्राला शस्त्रक्रियाच लागते.
वस्तुस्थिती : केली आणि वेंडेल या नेत्रतज्ज्ञांनी १९९१ मध्ये या शस्त्रक्रियेचे पहिले निष्कर्ष मांडले, तेव्हा ५८ टक्के छिद्रे मिटली होती, आज हे प्रमाण नव्वदीच्या पुढे गेले आहे. त्यामुळे मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. मात्र छिद्र लहान असेल आणि त्याच्या कडा पाणी भरून सुजल्या असतील, तर निवडक रुग्णांत आधी स्टेरॉइडचे थेंब देऊन पाहतात. काहींची छिद्रे त्यानंतर मिटल्याच्या नोंदी आहेत. पण लहान छिद्रे कधीकधी आपोआपही मिटतात, म्हणून सगळे श्रेय औषधाला देता येत नाही.

गैरसमज : स्टेरॉइड छिद्र बुजवते.
वस्तुस्थिती : स्टेरॉइडने दाह आणि सूज कमी होते. जोडीला बहुधा डोर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड हे साचलेले पाणी कमी करणारे थेंब आणि ब्रोमफेनॅकसारखे दाहशामक थेंब असतात. पाणी ओसरले की कडा जवळ येतात आणि छिद्र सांधायला वाव मिळतो.

गैरसमज : पडद्याच्या कोणत्याही छिद्राला हे थेंब चालतात.
वस्तुस्थिती : ४०० मायक्रॉनपेक्षा मोठ्या किंवा जेलीची ओढ कायम असलेल्या छिद्रात थेंबांवर भिस्त ठेवता येत नाही. पडद्याच्या कडेला पडलेल्या फाटीवर गरजेनुसार लेसर किंवा क्रायो (गोठवण्याचा उपचार) करतात. तिथे स्टेरॉइडचा उपयोग नाही.

गैरसमज : थेंबांनी अपाय होत नाही.
वस्तुस्थिती : स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो, जंतुसंसर्ग बळावू शकतो. दुकानातून परस्पर आणून ते घालू नयेत.

गैरसमज : थेंब सुरू केले की महिनोन्‌महिने वाट पाहावी.
वस्तुस्थिती : काही आठवड्यांच्या अंतराने ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारी) तपासणी करून छिद्राचा आकार मोजतात. ते लहान होत नसेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये; जुन्या छिद्रात नजर कमी सुधारते.

डोळ्यापुढे अचानक प्रकाशाचे झोत, काळ्या ठिपक्यांचा सडा किंवा सावली दिसल्यास पडद्याला फाट पडलेली असू शकते; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.