डोंबिवलीची संख्या

श्रोतेहो, आम्ही कॅम्प नंबर १ चे रहिवासी शहाडहून मुंबईस निघालों, म्हणजे वाटेंत डोंबिवली लागते. या स्थानकाच्या ‘डेम्लो’ या जुन्या नांवावरून गणितांतील एका संख्याकुलाचें नांव पडलें आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांस या संख्यांचा विचार तेथें सुचला. त्या कुलांतील एकच संख्या आज आपणांपुढें ठेवतों: १२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या सतरा अंकांची आहे. आपल्या जुन्या गणनेंतील अठरा स्थानांपैकीं ‘मध्य’ या स्थानीं हिचा पहिला एक बसतो. परार्धास एकच पायरी उरते. डावीकडून वाचा वा उजवीकडून, अंक तेच. शिवाय ही पूर्ण वर्ग आहे. नऊ एक ओळीनें लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येस तिनेंच गुणलें, कीं हीच संख्या येते.

असें कां व्हावें? पाटीवर गुणाकार मांडून पाहा. एकानें गुणावयाचें असल्यामुळें नऊही ओळी सारख्याच येतात. मात्र प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकते. उजवीकडून पहिल्या रकान्यांत एक ‘एक’ पडतो, दुसऱ्यांत दोन, आणि नवव्यांत नऊ. त्यापुढें वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात असा उतार लागतो. कोठेंही हातचा येत नाहीं. सारे एक मिळून नऊ नवें एक्याऐंशी. म्हणून अंकांची बेरीजही ८१, आणि ८१ नें या संख्येस निःशेष भागही जातो. तिचे मूळ अवयव तीनच: ३ हा चार वेळां, ३७ व ३३३६६७ हे दोन दोन वेळां.

आतां माझीच एक चूक सांगतों. एकदां दहा एकांचा वर्ग मीं वर्गास घरीं करावयास दिला. एका मुलानें उत्तर आणलें १२३४५६७९००९८७६५४३२१. चढउताराची शिस्त मोडलेली पाहून मीं न पडताळतांच तांबडी फुली मारली. तो म्हणाला, “गुरुजी, फळ्यावर करून दाखवा ना!” करूं लागलों. मधल्या रकान्यांत दहा आले. शून्य मांडून हातचा एक घेतला. शेजारच्या नवाचेही दहा झाले, पुन्हां शून्य; आणि आठाचे नऊ झाले. उत्तर मुलाचेंच बरोबर! प्रत्येक हातच्यानें अंकांच्या बेरजेंतून नऊ गळतात. दोन हातच्यांनीं शंभराचे ब्याऐंशी उरले, हेंही तेव्हांच ध्यानांत आलें. वर्गासमोर मीं ती फुली खोडली.

श्रोतेहो, नऊ वेळां खरें ठरलेलें दहाव्या वेळीं खरें ठरेलच, असें नाहीं. संख्येचें सौंदर्य पाहून हरखावें, परंतु त्याचें कारणही शोधावें. कारण कळलें, म्हणजे तें सौंदर्य कोठें संपणार हेंही कळतें.