गाडी सुरू होईना

पहाटेची वेळ होती. आबांच्या जुन्या मालट्रकमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून तयार होते. सकाळच्या लिलावाला माल बाजारात पोचायला हवा होता. आबांनी स्टार्टर मारला. इंजिन जोरात फिरले, पण लागले नाही. दहा वेळा मारला. काही उपयोग झाला नाही.

शेजारी म्हणाला, "आबा, पंप गेला. काढा नि तालुक्याला न्या."

पंप काढायचा म्हणजे दोन दिवस गेले आणि पैसाही गेला. टोमॅटो तोवर थोडाच थांबणार?

थोरल्याने मिस्त्रींना उठवून आणले. मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. ते आधी विचारू लागले.

"काल गाडी कशी चालली?"

"झकास चालली की!"

"मग रातभर उभी होती, नि सकाळी लागेना. असंच ना?"

"व्हय."

"स्टार्टर मारताना मागं धूर येतोय का?"

आबा गप्प झाले. धूर कोणी पाहिलाच नव्हता. थोरला मागे जाऊन उभा राहिला. आबांनी स्टार्टर मारला. धूर मुळीच नव्हता.

मिस्त्री म्हणाले, "मग डिझेल पोचतच नाही. चला, डिझेलची वाट धरून जाऊ."

मिस्त्रींना हे कसे कळले? ते आपण समजून घेऊ.

डिझेल पेटते कसे?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे नुसती हवा जोराने दाबतात. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम लागतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात ती ५०० अंशांच्याही वर तापते. पाणी १०० अंशांना उकळते, यावरून अंदाज करा. अशा तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडवला की ते आपोआप पेटते.

हे इंजिन रुडॉल्फ डीझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने बनवले. १८९७ साली ते नीट चालून दाखवले. त्याचेच नाव पुढे तेलालाही पडले.

डिझेलची वाट

जुन्या ट्रकमध्ये डिझेल असे जाते:

१. टाकीतून ते नळीने निघते.
२. फीड पंप ते ओढून घेतो. या पंपावर हाताने दाबायची मूठ असते.
३. मग ते फिल्टरमधून गाळले जाते.
४. तिथून ते मोठ्या इंजेक्शन पंपात जाते. हा पंप त्याला फार मोठा दाब देतो.
५. लोखंडी बारीक पाइपातून ते नोझलपाशी येते. दाब पुरेसा झाला की नोझल उघडते आणि फवारा उडतो.

हा दाब ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या वीसपटीहून जास्त असतो.

धूर काय सांगतो?

स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे पाहा. धूर मुळीच नसेल, तर डिझेल इंजिनात पोचत नाही. पांढरा धूर असेल, तर डिझेल पोचते, पण पेटत नाही. मग इंजिन फार थंड असेल, बॅटरी उतरल्याने हळू फिरत असेल, नोझल खराब असेल, किंवा इंजिनाचा दाब कमी झाला असेल.

दोन रोग वेगळे, त्यांची औषधेही वेगळी. म्हणून आधी धूर पाहावा.

साध्या गोष्टी आधी

धूर नसला तरी लगेच पाना उचलू नये. टाकीत डिझेल आहे ना? काट्यावर विसंबू नका. टाकीत स्वच्छ काठी घालून पाहा. इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना? ती ओढलेली असली, तर मोठा पंप डिझेल सोडतच नाही. फिल्टर तुंबला नाही ना? त्याच्या तळाशी पाणी साचले नाही ना?

मिस्त्रींनी हे सारे पाहिले. सारे ठीक होते. मग ते म्हणाले, "गाडीनं हवा धरली."

हवा धरली म्हणजे काय?

विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर फिरते, पण पाणी येत नाही. तसेच इथे होते. डिझेल दाबले तर फारसे आकसत नाही. हवा मात्र आकसते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा. दांडा आत जातो आणि सोडला की परत येतो. पाइपात हवा असली, तर पंपाचा जोर ती हवा आकसण्यातच जातो. नोझल उघडत नाही.

हवा कशी काढावी?

आधी गाडी न्यूट्रल करावी. हँडब्रेक ओढावा. चाकांना दगड लावावेत. सांधे फडक्याने पुसावेत, म्हणजे आत घाण जाणार नाही.

मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करावा. फीड पंपाची मूठ हाताने मारत राहावे. आधी फेस आणि बुडबुडे येतात. पुढे स्वच्छ डिझेलची धार येते. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. नंतर मोठ्या पंपावरच्या स्क्रूचेही तसेच करावे.

मिस्त्रींनी असे केले. बराच वेळ नुसता फेस आला. मग धार लागली. आबांनी स्टार्टर मारला. थोडा पांढरा धूर आला आणि इंजिन लागले!

आबा चढू लागले. मिस्त्रींनी त्यांना थांबवले. "आबा, हवा काढली, पण ती शिरली कुठनं?"

खरा रोग

काल चांगली चाललेली गाडी रातभर उभी राहून सकाळी लागत नाही, ही मोठी खूण आहे. टाकी खाली असते आणि फीड पंप वर असतो. मधल्या नळीला बारीक चीर पडली, तर रात्री तिथून हवा आत शिरते. वरचे डिझेल हळूहळू टाकीत उतरते. बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून लोक फसतात.

मिस्त्रींनी टाकीपासून नळी चाचपत आणली. क्लिपेखाली रबर कडक होऊन चिरले होते. त्यांनी तेवढा तुकडा बदलला, क्लिप आवळली आणि पुन्हा हवा काढली. पंपाला कोणी हातही लावला नाही.

लिलावाला थोडा उशीर झाला, पण माल त्याच दिवशी विकला गेला.

एवढे जपा

मोठा पंप घरी उघडू नका. त्याचे आतले भाग केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक फटीने बसवलेले असतात. धुळीच्या कणानेही ते बिघडतात. तो पंप तपासायचे यंत्र ज्याच्याकडे आहे, त्यानेच तो उघडावा.

नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधी धरू नका. तो सुईसारखा कातडीत शिरतो. वर टाचणीएवढी खूण दिसते आणि दुखतही फार नाही. पण आत डिझेल पसरते आणि हात गमवायची पाळी येते. असे झाले तर तडक दवाखान्यात जा. दाबाचे डिझेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

वर सांगितलेली रीत जुन्या गाड्यांची आहे. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब कितीतरी जास्त असतो. त्यांचे दाबाचे पाइप सैल करू नका.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये थोडे थांबा. नाहीतर बॅटरी उतरेल आणि एका रोगाचे दोन रोग होतील.

मिस्त्रींनी पान्याआधी डोळे वापरले. म्हणून आबांचे दोन दिवस वाचले, आणि टोमॅटोही वाचला.

विचार करा

१. स्टार्टर मारताना धूर मुळीच येत नाही. यावरून काय समजावे?
२. हवा काढल्यावर गाडी लागली. मग आणखी काय शोधायला हवे?
३. तुमच्या गावात कोणाची जुनी गाडी आहे का? टाकीपासून नोझलपर्यंत डिझेलची वाट त्यांना दाखवायला सांगा.