‘टन’ ह्या शब्दाचे तीन अर्थ आणि संगणकावरील मालवाहू जहाज

समुद्रयुद्धाचे आभासी चित्र उभे करणारे संगणकीय खेळ आता एका संपूर्ण पिढीच्या परिचयाचे झाले आहेत. त्यांपैकी ‘सायलेंट हंटर’ ह्या मालिकेतील २००५ साली निघालेला तिसरा खेळ दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांविषयीचा आहे. खेळणारा हा पाणबुडीचा कप्तान, आणि मित्रराष्ट्रांची मालवाहू जहाजे हे त्याचे भक्ष्य. मूळ खेळात अशा जहाजांचे नमुने मोजकेच होते. ती उणीव भरून काढण्याकरिता हौशी अभ्यासकांनी जुने नकाशे व छायाचित्रे मिळवून नवी जहाजे स्वतः घडविण्यास व खेळात बसविण्यास आरंभ केला. मूळ खेळाला बाहेरून जोडलेल्या अशा भागास ‘मॉड’ म्हणतात.

ह्या उद्योगात सर्वांत कठीण काय, असे विचारल्यास सामान्यतः आकाराकडे बोट दाखविले जाईल. नाळेचा बाक, धुराड्याची जागा, डोलकाठ्या, मालाच्या क्रेनी हे सारे त्रिमितीत उभे करणे कष्टाचे आहे, ह्यात संशय नाही. परंतु ते काम डोळ्यांना पडताळता येते. खरी फसगत होते ती आकड्यांच्या फाईलीत. तेथे लांबी, रुंदी, डोलकाठीची उंची, डूब आणि विस्थापन ही माहिती भरावी लागते. पहिल्या चार बाबी फुटांत किंवा मीटरांत असल्यामुळे निरुपद्रवी होत. पाचवी टनांत आहे. आणि ‘टन’ हा शब्द एक असला तरी त्याचे अर्थ एकाहून अधिक आहेत.

शब्दाचा उगम पाहिला म्हणजे घोटाळ्याचे कारण कळते. इंग्रजीत ‘टन’ हे मुळात मद्याच्या मोठ्या पिंपाचे नाव होय. जहाजात अशी किती पिंपे मावतात ह्यावरून त्याची योग्यता ठरे व करही बसे. पिंप जागाही व्यापते आणि भारही घालते. त्यामुळे एकाच शब्दातून आकारमान व वजन असे दोन अर्थ फुटले. मराठीला हे अपरिचित नाही. ‘खंडी’ हे वजनही होते आणि धान्याचे मापही. कोकणातील गलबते किती खंडींची हे सांगताना ह्यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा, हे संदर्भावरूनच ठरवावे लागे. पुढे १८५४ च्या ब्रिटिश व्यापारी नौवहन कायद्याने मोजणीची रीत निश्चित केली: जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचे १०० घनफूट म्हणजे एक नोंदणी टन. हा झाला आकारमानाचा टन. जहाज किती माल, इंधन व रसद वाहू शकते, हे सांगणारा भारक्षमतेचा टन दुसरा. तो वजनाचा, २,२४० पौंडांचा. तिसरा विस्थापनाचा. तोही वजनाचाच, परंतु जहाज स्वतः व त्यातील भार मिळून जेवढे पाणी बाजूला सारतात, त्या पाण्याचे ते वजन असते. युद्धनौकांचे टन नेहमी ह्या तिसऱ्या अर्थाचे आणि व्यापारी जहाजांचे बहुधा पहिल्या अर्थाचे. म्हणूनच सात हजार टनांची क्रूझर आणि सात हजार टनांचे मालवाहू जहाज ही कागदावर तुल्यबळ दिसली, तरी भरलेले मालवाहू जहाज वजनाने क्रूझरच्या दुप्पट असते.

उदाहरणार्थ अमेरिकेची ‘लिबर्टी’ जहाजे घेऊ. १९४१ ते १९४५ ह्या काळात ती २,७१० बांधली गेली, त्यामुळे त्यांचे आकडे सर्वत्र सापडतात. नोंदणी ७,१७६ टन. भारक्षमता सुमारे १०,८०० टन. पूर्ण भरलेल्या स्थितीत विस्थापन सुमारे १४,२४५ टन. एकाच जहाजाच्या ह्या तिन्ही संख्या खऱ्या आहेत. त्यांतील कोणती कशाची, हे साध्या गणिताने ताडता येते. पाण्यालगतची लांबी सुमारे ४१७ फूट, रुंदी ५७ फूट आणि डूब पावणेअठ्ठावीस फूट धरून एक पेटी कल्पिली, तर तिचे घनफळ सुमारे ६,६०,००० घनफूट भरते. अशा स्थूल बांध्याचे जहाज ह्या पेटीचा सुमारे पाऊण भाग व्यापते. समुद्राच्या पाण्याचे ३५ घनफूट म्हणजे एक टन. त्या हिशेबाने चौदा हजारांच्या किंचित वरचा आकडा येतो. विस्थापन हेच. त्या जागी नोंदणीचे ७,१७६ भरले आणि खेळाच्या गणिताने त्यावर विश्वास ठेवला, तर भरलेले जहाज जेमतेम पंधरा फूट बुडेल. अठरा फूट खोलीवर सोडलेला पाणतीर त्याच्या तळाखालून निघून जाईल, आणि खेळणारा दोष देईल आपल्या नेमाला!

परंतु सर्वत्र चौदा हजार भरणे हाही उपाय नव्हे. जर्मन नौदल आपल्या पाणबुड्यांचे यश नोंदणी टनांत मोजीत असे, आणि खेळातील कप्तानाच्या खात्यावरही तसेच टन जमा व्हावे लागतात. ते टन जमा होतात वर सांगितलेल्या फाईलीतून, जेथे रकान्याचे नाव मात्र ‘विस्थापन’ असे आहे. जहाज तरंगते कसे, हे ठरविणारा आकडा दुसऱ्याच फाईलीत असतो. म्हणजे पहिल्या ठिकाणी सात हजार बरोबर, दुसऱ्या ठिकाणी चौदा हजार. रकान्याच्या नावावर विसंबणारा मनुष्य येथे हमखास चुकतो.

आकड्यांच्या साम्यातून आणखी एक मोह उत्पन्न होतो. कॅनडात बांधलेल्या ‘फोर्ट’ जहाजांचा आणि ‘लिबर्टी’चा मूळ आराखडा एकच, इंग्लंडमधील संडरलंड येथील टॉमसन कंपनीचा. रुंदी तीच, नोंदणी टनही जवळपास तेवढेच. मग तयार ‘लिबर्टी’वर ‘फोर्ट’चे नाव रंगवले तर काय बिघडले? बिघडते ते हे, की ‘लिबर्टी’चे सारे बांधकाम मध्यभागी एकाच ठोकळ्यात आहे. ‘फोर्ट’मध्ये कप्तानाचा पूल पुढे, त्यामागे मालाच्या तिसऱ्या कोठाराचे तोंड, आणि मग धुराडे व इंजिनघर. ‘लिबर्टी’ तेलावर चाले, तर ‘फोर्ट’पैकी पहिली जहाजे कोळशावर. परिदर्शकातून दिसणाऱ्या काळ्या आकृतीत ती मधली फट हीच ओळखण्याची खूण असते. ती बुजवली की जहाजाची जातच बदलली.

ह्याच जातीचे एक जहाज मुंबईच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. ‘फोर्ट स्टिकीन’, बांधणी १९४२, नोंदणी ७,१४२ टन. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत त्याचा स्फोट झाला. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्यांबरोबर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. येथे एकाच जहाजाच्या वर्णनात दोन प्रकारचे टन शेजारी शेजारी येतात: पहिला आकडा जागेचा, दुसरा वजनाचा. दोहोंची वजाबाकी वा टक्केवारी करण्यास अर्थ नाही; तरीही ती करण्याचा मोह सहज होतो. त्याच स्फोटाने सिंधिया कंपनीचे ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन त्याचा मागचा भाग धक्क्यावर चढला. ‘जलपद्म’ जवळजवळ चार हजार टनांचे होते असे म्हणतात. ते चार हजार नोंदणीचे आहेत. त्या दिवशी धक्क्यावर चढलेल्या लोखंडाचे वजन त्या आकड्यात नाही. संगणकावर ती गोदी पुन्हा उभी करणाऱ्याला ते बांधणीच्या नकाशांवरून नव्याने काढावे लागेल.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात ही अडचण पुढे ओळखली गेली. १९६९ च्या करारानुसार, जो १९८२ मध्ये अमलात आला, जहाजाचे स्थूल आकारमान दर्शविणाऱ्या संख्येपुढे कोणतेही एकक लिहिले जात नाही. महायुद्धकाळातील नोंदवह्यांत मात्र तो शब्द आहे तसाच उभा आहे.